बॅटरी वाचवायला आलेलं नोटिफिकेशन

मेंदू एका वेळी फार थोडंच धरू शकतो हे मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. १९५० च्या दशकात दोन कानांत दोन वेगळे निरोप ऐकवून बघितले तेव्हा लोकांना एकाचंच धड सांगता यायचं. १९५६ ला लक्षात राहणाऱ्या गोष्टींचा आकडा साधारण सात धरला गेला, २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. दोन कामं एकदम जमतायत असं वाटतं तेव्हा मेंदू नुसता इकडून तिकडे जात असतो, आणि दर वेळी वेळ जातो, चुकाही वाढतात.

पण फोन आपलं लक्ष सतत ओढायला लागला त्यातला खरा कलाटणीचा काळ माझ्या मते २००८-०९ चा. आयफोनवर इतर कंपन्यांनी बनवलेली ॲप्स नुकतीच आली होती आणि ती बॅकग्राउंडला चालू ठेवायला परवानगी नव्हती, कारण बॅटरी उतरणार, फोन स्लो होणार. मग चॅटचं ॲप बंद असताना मेसेज आला हे कळणार कसं? त्यावर ॲपलने तोडगा काढला की फोनचं आपल्या सर्व्हरशी एकच कनेक्शन कायम जोडलेलं ठेवायचं आणि सगळ्या ॲप्सचे निरोप त्यावरूनच पाठवायचे, म्हणजे आवाज, आयकॉनवरचा आकडा नाहीतर स्क्रीनवर छोटा मजकूर. २००८ च्या सप्टेंबरचा वायदा होता, प्रत्यक्षात हे नोटिफिकेशन आलं जून २००९ ला. इंजिनिअरिंग म्हणून काम उत्तमच होतं, पण त्यात काळजी घेतली ती फोनच्या मर्यादेची, माणसाच्या मर्यादेचा हिशोब कुणी मांडलाच नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते.

२००६ मध्येच न संपणारं स्क्रोल आलं होतं, ज्याने बनवलं त्याने पुढे जाहीर खंतही व्यक्त केली. २०१८ पासून स्क्रीन टाइम मोजायची सोय फोनमध्येच मिळाली, पण ती वापरायची जबाबदारी परत आपल्यावरच टाकली.

परवानगीचा वाद मात्र रेंगाळला. आयफोनवर ॲपला नोटिफिकेशनसाठी आधी विचारावं लागायचं, अँड्रॉइडवर ॲप टाकलं की ते सुरूच, थांबवायचं तर सेटिंगमध्ये जाऊन आपण शोधायचं. विचारायची सक्ती अँड्रॉइड १३ मध्ये, म्हणजे २०२२ ला आली, आणि तेव्हाही जुन्या फोनला अपडेट मिळालं तर आधीपासून असलेल्या ॲप्सची परवानगी बहुतेक वेळा दिलेलीच धरली, त्यामुळे जे आधीच वैतागले होते त्यांना फार फरक पडला नाही.