मुंग्या केमोच्या की मणक्याच्या?

स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू असलेल्या बाईच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, की घरात म्हणतात, "केमोमुळे होतंय." बहुतेकदा ते खरंच असतं. पण कधीकधी मुळाशी मणक्यात पसरलेला रोग असतो, आणि तिथे वाट पाहणं फार महागात पडतं.

पेशीचे दोन भाग होताना गुणसूत्रं ओढून वेगळी करायला सूक्ष्मनलिका लागतात. पॅक्लिटॅक्सेल आणि सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन या नलिकांचंच काम बिघडवतात. चेतापेशीची सगळी रसदही याच नलिकांवरून जाते, आणि कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचा तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. रसद तुटली की सर्वांत दूरचं टोक आधी उपाशी पडतं. म्हणून औषधाच्या मुंग्या सहसा दोन्ही पायांच्या बोटांत एकदमच सुरू होतात, मोज्याइतक्या वर चढतात, मग हाताची बोटं बधिर होतात आणि ब्लाउजचे हुक लागेनासे होतात. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या दुसऱ्या औषधाचं आणखी एक आहे: ते बंद केल्यावरही बधिरपणा दोन-तीन महिने वाढू शकतो. रोग उलटला म्हणून लोक घाबरतात, ते याच काळात.

मणक्यातल्या रोगाची चाल वेगळी. मज्जारज्जूवर दाब येण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून बहुधा पाठ दुखत असते. आडवं झाल्यावर, खोकल्यावर कळ वाढते, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. मग पायांतली ताकद जाते. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढवत नाही, लघवी अडते. केमोसोबतच्या स्टिरॉइडनेही मांड्या अशक्त होतात, त्यामुळे नुसत्या लक्षणांवर निकाल देता येत नाही. पूर्ण मणक्याचा एमआरआय लागतो.

घाई एवढ्यासाठी, की उपचार सुरू होताना जो चालतो, तोच पुढेही चालण्याची शक्यता सर्वांत जास्त. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांपैकी 84 टक्के रुग्ण उपचारांनंतर चालू शकले, नुसतं रेडिएशन मिळालेल्यांपैकी 57 टक्के.

तेव्हा डॉक्टरांना नुसतं "मुंग्या येतात" सांगू नका. कुठून सुरू झाल्या, कितव्या सलाईननंतर, पाठ दुखते का, हेही सांगा. आणि पाठदुखीसोबत पाय लुळे वाटू लागले, तर पुढच्या केमोच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.