‘चकार’मध्ये ‘च’ आला कुठून?

‘संस्कृत ही जगातल्या सर्व भाषांची जननी’ हा संदेश फोनवर अधूनमधून फिरत असतो. पुरावा म्हणून पितृ–पाटेर, मातृ–माटेर या संस्कृत–लॅटिन जोड्या दिलेल्या असतात. जोड्या खऱ्या आहेत, निष्कर्ष चूक आहे, आणि याची साक्ष खुद्द संस्कृत देते.

2 फेब्रुवारी 1786 रोजी कोलकात्यात इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृत अभ्यासक विल्यम जोन्स यांनी मांडले की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच उगमातून निघाल्या आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. 1816 मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉप यांनी क्रियापदांची रूपे ताडून हे नाते पक्के केले. तरी पुढे कित्येक दशके समज असा होता की संस्कृतचा ‘अ’ मूळचा; युरोपात त्याचेच अ, ए, ओ झाले.

आता संस्कृतचा परोक्ष भूतकाळ (बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या घटनेचा) पाहा. त्यात धातूचे पहिले व्यंजन दोनदा येते, यालाच द्वित्व म्हणतात. दृश्‌चे ददर्श, दा‌चे ददौ. मग कृचे ‘ककार’ न होता ‘चकार’ (केले) का? पाणिनीने ‘कुहोश्चुः’ (द्वित्वात क-वर्ग आणि ह यांच्या जागी च-वर्ग) असा नियम नोंदवला. कारण ग्रीकमध्ये सापडते: ददर्शचे तिथले भावंड ‘देदोर्का’. द्वित्वाच्या पहिल्या अक्षरात ऱ्हस्व ए, धातूत ओ. म्हणजे चकारही आधी ‘केकोरे’सारखा होता. ए उच्चारताना जीभ पुढे सरकते, तिच्याबरोबर क टाळूकडे ओढला जाऊन च होतो. पुढे ओ असेल तर तो क राहतो. (माझा–माझी म्हणताना ‘झ’ कसा बदलतो ते ऐका, पुढचा स्वर आजही हेच करतो.) नंतर ए आणि ओ दोन्ही ‘अ’मध्ये विरले, काही जागी ओचा ‘आ’ही झाला. खूण व्यंजनात राहिली. लॅटिन ‘क्वे’ (आणि) म्हणजे आपला च. ‘क्वोद’ म्हणजे वैदिक कद्‌. जिथे युरोपात ए तिथे च, जिथे ओ तिथे क. मूळ स्वर एकटा ‘अ’ असता तर ही वाटणी जुळलीच नसती. तेव्हा या बाबतीत बदललेली भाषा संस्कृत आहे. ग्रीक-लॅटिनची ती बहीण ठरते. 1870 च्या दशकात कोलित्झ, श्मिट, सोस्यूर, थॉमसेन असे अनेक भाषाशास्त्रज्ञ जवळपास एकाच वेळी इथे पोहोचले.

नियम फसतो तो रूपावलीत, म्हणजे एकाच धातूच्या रूपांच्या मालिकेत. पचतिमध्ये चच्या पुढे मूळ ए होता, म्हणून च. पाकमध्ये ओ, म्हणून क. पण पचामिमध्ये मूळ ओ असून च आहे, कारण पचति, पचसिच्या ओढीने तो तिथेही पसरला. म्हणून तपासताना पाक, शोक, रोक अशी नामे आधी घ्यावीत. धातूची रूपे नंतर.