दुर्बिणीचं ऑपरेशन झालंय? व्यायामाला येताना तो एक कागद आणा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात आठवड्यातून एकदा तरी हे घडतंच. गुडघ्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेले काका रिक्षातून उतरतात, मागून काकू एमआरआयची भली मोठी पिशवी सांभाळत येतात. पिशवीत फिल्म असते, रक्ताचे रिपोर्ट असतात, औषधांची बिलं, मेडिक्लेमच्या झेरॉक्स, सगळं असतं. नसतो फक्त ऑपरेशनमध्ये काय केलं ते लिहिलेला कागद. मग आम्ही हॉस्पिटलला फोन लावतो. डॉक्टर थिएटरात असतात, संध्याकाळी बोलतो म्हणतात, आणि काकांचा तो दिवस, शिवाय जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं, वाया जातं.

"अहो, एमआरआय आहे ना, त्यात सगळं लिहिलंय," असं ऐकून घ्यावं लागतं. एमआरआय ऑपरेशनच्या आधीचा असतो. आत काय बिघडलं असावं, ते तो बाहेरून सांगतो. डॉक्टरांनी दुर्बीण आत घालून डोळ्यांनी काय पाहिलं आणि हातांनी काय केलं, ते एमआरआयला कुठून कळणार? दुर्बिणीची ही पद्धत सुरूच झाली ती आत बघण्यासाठी. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून आत पाहिलं. त्याच नळीच्या वाटेनं गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीचा (मेनिस्कसचा) तुकडा काढायला १९६२ उजाडलं. ते मासाकी वातानाबे यांनी केलं. आज बघणं आणि दुरुस्त करणं बहुतेक वेळा एकाच बैठकीत उरकतं. म्हणूनच ऑपरेशनला जाताना ठरलेलं एक आणि आत गेल्यावर केलेलं दुसरं, असंही होतं.

गादीचंच उदाहरण घ्या. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या बाजूला जवळजवळ नसतो. बाहेरच्या कडेला फाटलं असेल तर डॉक्टर ती शिवू शकतात, कारण तिथे जखम भरून येते. आतल्या बाजूचा फाटका भाग सहसा कापून गुळगुळीत करतात. गादी कापलेला माणूस बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पायावर भार देऊन चालायला लागतो. शिवलेल्याला मात्र चार ते सहा आठवडे भार आणि गुडघा वाकवणं, दोन्ही बेतानं. नव्वद अंशांच्या पुढे वाकवायला बहुतेक डॉक्टर मनाई करतात, आणि उकिडवं बसणं तर कित्येक महिने बंद.

बाहेरून पाहाल तर दोघांचे गुडघे सारखेच! वाटीच्या खाली दोन बाजूंना सेंटीमीटरभराची दोन छिद्रं, वर पट्टी. दुर्बीणच मुळी चार मिलिमीटर जाडीची. शिवलेल्या गुडघ्याला आम्ही कापलेल्याचा व्यायाम दिला तर टाके तुटतील. कापलेल्याला शिवलेल्यासारखं महिनाभर जपत बसलो तर मांडीचा स्नायू उगाच वाळेल. म्हणून कागदाशिवाय आम्ही व्यायाम सुरू करत नाही. काहींना हा आमचा हट्ट वाटतो, एकदोघं रागावून निघूनही गेलेत. नाइलाज आहे. "मग आज नुसता शेक तरी द्या," म्हणतात, तोही देत नाही. ताज्या ऑपरेशनवर गरम शेकानं सूज वाढते, आणि जखमेभोवतीची कातडी बधिर असेल तर भाजलेलं कळतही नाही. तिथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवायचा.

रजा मिळताना फाइलमधून 'ऑपरेशन नोट' मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर कधी कधी एकच ओळ असते, ती पुरत नाही. कोणता सांधा, कोणती बाजू, आत काय दिसलं, काय कापलं, काय शिवलं किंवा बसवलं, भार किती द्यायचा, किती वाकवायचं, पट्टा किंवा झोळी किती आठवडे, एवढं त्यात हवं. खांद्याच्या ऑपरेशनला तर हे जास्तच लागू. फाटलेला स्नायूबंध शिवला असेल तर हात सहसा चार ते सहा आठवडे झोळीत असतो, आणि तेवढ्यात कुणी हौसेनं हात वर उचलायला लावला तर केलेलं सगळं पाण्यात. दुर्बिणीतून दिसलेल्या चित्रांचा प्रिंट किंवा पेनड्राइव्ह मिळाला तर तोही आणा. तो बघायला आम्हालाही आवडतं.

कागदाइतकाच त्रास आम्हाला उशी देते. पायाला बरं वाटतं म्हणून घरची माणसं गुडघ्याखाली उशी सरकवतात, आणि पंधरा दिवसांनी पाय पूर्ण सरळ होत नाही. वाकवणं मागाहून मिळवता येतं. सरळ होण्याचे शेवटचे पाच अंश परत आणताना मात्र तुमचा आणि आमचा दोघांचाही घाम निघतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नको. आणि तेलमालीश? हाडवैद्याची परंपरा बडोद्याला नवी नाही, हाडं बसवणाऱ्या प्राध्यापक माणिकरावांचं नाव अजूनही घरोघरी निघतं. पण छिद्रं नीट भरून येईपर्यंत तेल बाटलीतच राहू द्या.

नवरात्र संपलं की आमच्याकडे गर्दी होते. पाऊल जमिनीला रोवलेलं आणि वरचं अंग गिरकीत, की गुडघ्यातलं लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारी दोरी) किंवा गादी जाते. लिगामेंट नव्यानं बसवलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला: पुढच्या नवरात्रात गरबा खेळता येईल का? दिवाळीच्या सुमारास ऑपरेशन झालं आणि व्यायाम चुकवला नाही, तर बहुतेकदा हो. होळीला ऑपरेशन करून त्याच वर्षी गरबा म्हणाल, तर आम्ही नाही म्हणू. गिरकीच्या खेळाला निदान नऊ महिने द्यावेत. नवी दोरी गुडघ्यात रुजताना मधले काही आठवडे उलट जास्तच कमजोर असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं.

झिजलेल्या गुडघ्याचे आजीआजोबाही "दुर्बिणीतून साफ करून घेऊ का?" असं विचारतात. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात झिजेच्या काही रुग्णांचे गुडघे दुर्बिणीतून धुतले, काहींना फक्त कातडीवर छेद दिले. दोन्ही गटांना आराम सारखाच! तेव्हा निव्वळ झिजेसाठी डॉक्टर नको म्हणाले तर त्यांचं ऐका. वजन, मांडीची ताकद आणि जिना यांवर काम करायला आम्ही आहोतच.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर आधीच एकदा येऊन जा. कुबड्या घेऊन जिना कसा चढायचा ते शिकवतो, घरचा संडास आणि पलंग यांची उंची विचारून घेतो, आणि लिगामेंटचं ऑपरेशन असेल तर गुडघा आधीच पूर्ण सरळ करून देतो. त्याचा पुढे फार उपयोग होतो. या भेटीचे पैसे पुढच्या व्यायामांतून वजा होतात. वॉकर आणि कुबड्या डिपॉझिटवर मिळतात. पहिल्या आठवड्यात घरीही येतो, मात्र तिथेही आधी कागदच मागू.

पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा छिद्रातून पाणी-पू येऊ लागला, तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी तुमच्या सर्जनकडे जा. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत.

कागद घरी राहिला असेल तर घरच्यांकडून मोबाइलवर फोटो मागवा, चालतो. फक्त चारही कोपरे दिसतील असा काढायला सांगा. भार किती द्यायचा ती ओळ बहुधा अगदी तळाला असते.