एका दारुड्याला दुसरा दारुडा

मे 1935. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कहून आलेल्या बिल विल्सनचा शेअरबाजारातला सौदा फिसकटला होता. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला गजबजलेला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सुटून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. तो फोनकडे वळला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवू लागला. मागणं एकच: मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय.

गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटंच बसेन म्हणणारा डॉक्टर तासन्‌तास बसला. बिलने उपदेश केला नाही, आपलीच कहाणी सांगितली. मध्ये डॉक्टर एकदा घसरला. 10 जूनला त्याला शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते, म्हणून बिलनेच त्याला बिअर दिली. तो त्याचा शेवटचा घोट. हाच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, या दारुड्यांनीच एकमेकांना सावरण्यासाठी चालवलेल्या संघटनेचा जन्मदिवस मानतात!

त्या बिअरमागे मेंदूचं रसायन आहे. दारू ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाला बळ देते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू उलटा जोर लावून तोल सांभाळतो. दारू अचानक थांबली तरी तो जोर उरतोच. मग थरथर, घाम, कधी फिट, भास. जीवही जाऊ शकतो. जुन्या पिणाऱ्याने देवापुढे शपथ घेऊन घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. आधी डॉक्टर गाठावा.

थरथर काही दिवसांत ओसरते, ओढ मात्र टिकते. पगाराचा दिवस, नेहमीचा कोपरा, घरातलं भांडण, एवढंही पुरतं. तिथे गोळीबरोबर माणसं लागतात.

एएची मुळं ख्रिस्ती चळवळीतली, पण नास्तिक सदस्यांच्या आग्रहामुळे ‘आम्हाला उमगला तसा देव’ अशी मोकळीक आली. कुणाला तो विठोबात दिसतो, कुणाला मीटिंगमधल्या खुर्च्यांवरच्या माणसांत. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 जण होते. एएशी जोडणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने 42 टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते; इतर उपचारांत 35 टक्के. फरक चमत्काराचा नाही, पण मीटिंग फुकट असते. हार्वर्डच्या जॉन केली यांच्या विश्लेषणात मोठा वाटा बदललेल्या संगतीचा आणि वाढलेल्या आत्मविश्वासाचा निघाला. श्रद्धेचा वाटा ठळक दिसला तो व्यसन फार खोल गेलेल्यांत. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचारांइतकाच गप्पांवर भर आहे.

अ‍ॅक्रनला जाण्याआधी बिलने न्यूयॉर्कमध्ये महिनोन्‌महिने दारुडे गोळा करून सुधारायचा खटाटोप केला होता. एकही सुटला नाही. तो वैतागला, तेव्हा बायको लोइसने त्याला दाखवून दिलं, की या सगळ्यात तू स्वतः मात्र प्यायलेला नाहीस.