छी जू दी हुआंग वान
डोळ्यांसाठी घेतली जाणारी चिनी पारंपरिक औषधाची गोळी. आठ औषधी एकत्र करून बनवतात आणि चीनमध्ये मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. डोळे कोरडे पडणं, धूसर दिसणं, उजेड सहन न होणं, वाऱ्यात गेलं की पाणी येणं अशा तक्रारींवर ही घेतात.

गंमत म्हणजे मूळ फॉर्म्युला डोळ्यांचा नाहीच, लहान मुलांचा आहे. चीनच्या सोंग राजवटीच्या काळातले बालवैद्य छियान यी यांनी त्याहून जुन्या एका औषधातून दालचिनी आणि बचनागाच्या जातीचं मूळ ही दोन उष्ण द्रव्यं काढून टाकली आणि उरलेली सहा टाळू वेळेवर न भरणाऱ्या मुलांना दिली, हे १११९ च्या ग्रंथात आलंय. या सहांचं एकमेकांशी वजनी प्रमाण ८:४:४:३:३:३. पुढे कुणीतरी त्यात गोजी बेरी (लाल रंगाचं छोटं वाळवलेलं फळ) आणि शेवंतीची फुलं घातली आणि ती डोळ्यांची गोळी झाली. यामागचा हिशोब असा की चिनी वैद्यकात डोळे यकृताच्या ताब्यात आणि यकृताचं पोषण मूत्रपिंडाकडून, म्हणून दोघांचं 'यिन' (शरीराला थंडावा आणि ओलावा देणारी बाजू) भरून काढलं की नजर सुधारते (हे यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतं ते नव्हे, शरीरातली एक व्यवस्था समजा).

सगळ्यात जास्त प्रमाण दी हुआंग या मुळाचं, नावाजलेलं हेनान प्रांतातल्या ज्याओत्सो भागातलं. तांदळाच्या दारूत भिजवून वाफवायचं, वाळवायचं, परत वाफवायचं, जुन्या रीतीने नऊ वेळा, मग ते आतपर्यंत काळंभोर आणि काकवीसारखं गोड चिकट होतं. गोळीचा काळा रंग मुख्यतः त्याचाच. गोजी वायव्य चीनच्या निंगशियातल्या चोंगनिंगची चांगली मानतात.

घरी एवढं कोण करतंय, लोक सरळ गोजी आणि शेवंतीवर गरम पाणी ओतून चहासारखं पितात. फूल आपल्या शेवंतीचंच, पण हारवाल्याकडचं वापरू नये, त्यावर फवारणी असते.

गोजीत झिॲझँथिन हे पिवळसर रंगद्रव्य भरपूर असतं आणि ते डोळ्याच्या पडद्यातही असतं, एवढं विज्ञानाला मान्य. पण म्हणून गोळीने मोतीबिंदू विरघळेल किंवा काचबिंदू थांबेल असं नाही, त्यासाठी डोळ्यांचा डॉक्टरच गाठायचा. दी हुआंग पचायला जड, त्यामुळे पोट बिघडलेलं असताना नको. आणि रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर गोजीपासून लांबच राहा, दोन्ही एकत्र घेऊन रक्तस्राव झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत.