पाच उंदीर चंद्राकडं गेले, तिथनं सुरू झालेला विषय

मंगळवार पेठेत आमच्या दुकानात शेंगदाण्याच्या पोत्यांमागं एक उंदीर आहे, पिंजऱ्याची जागा बदलली की दोन रात्री गोंधळतो आणि तिसऱ्या रात्री बरोबर नवा रस्ता काढतो. हसू नका, अंतराळातल्या रेडिएशनचा मेंदूवर काय परिणाम होतो हे शास्त्रज्ञ असंच बघत आलेत.

कॉस्मिक किरणं, म्हणजे अंतराळातनं येणारे वेगवान कण, १९१२ ला व्हिक्टर हेस ह्या शास्त्रज्ञानं बलूनमधून वर जाऊन शोधली, पण मेंदूची काळजी वाढली ती अपोलो यानातनं चंद्राकडं गेलेल्यांना डोळे मिटल्यावरही उजेडाचे ठिपके दिसायला लागल्यावर. कण डोळ्यातनं आरपार जातोय म्हणजे मेंदूतनंही जाणारच की! म्हणून डिसेंबर १९७२ ला अपोलो १७ मधून पाच छोटे उंदीर पाठवले, टाळूच्या कातडीखाली रेडिएशन मोजायचे डिटेक्टर बसवून. चार जिवंत परत आले, मेंदू तपासले, म्हणण्यासारखं काही सापडलं नाही.

माझ्या मते इथंच गफलत होती, मेंदूला जखम दिसत नाही म्हणून उंदीर शिकतोय का, विसरतोय का हे कुणाला कळणार? त्याची सोय १९८१ ला रिचर्ड मॉरिस ह्या शास्त्रज्ञानं केली. गोल टाकीत गढूळ पाणी, पाण्याखाली न दिसणारा एक ठोकळा, उंदरानं पोहत आजूबाजूच्या खुणा बघून तो शोधायचा आणि पुढच्या वेळी आठवायचा. पुढं २००० साली आलेल्या एका प्रयोगात उंदरांना लोखंडाच्या वेगवान कणांचा १.५ ग्रे (शरीरात किती रेडिएशन मुरलं ते मोजायचं माप) डोस दिला, तर त्यांना ठोकळा शोधायला जास्त वेळ लागला, आणि खरी पंचाईत झाली ठोकळा समोरच्या बाजूला हलवला त्या दिवशी. आमच्या दुकानातला ह्यात पास झाला असता.

२००३ ला अमेरिकेत ब्रूकहेवनमध्ये असे कण मारून बघायची नासाची खास लॅब उभी राहिली आणि डोस खाली यायला लागले. २०१५ ला चार्ल्स लिमोली ह्या शास्त्रज्ञाच्या टीमनं फक्त ०.०५ आणि ०.३ ग्रेवर, ऑक्सिजन आणि टायटॅनियमचे कण मारून, दाखवलं की उंदीर नवी वस्तू आणि ओळखीची वस्तू ह्यात गल्लत करतात, न्यूरॉनच्या, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या, फांद्याही कमी झालेल्या.

ह्यावर एक आक्षेप कायम असतो आणि तो मला पटतो, लॅबमध्ये बहुतेकदा सगळा डोस काही मिनिटांत देऊन टाकतात. क्युरिऑसिटी यान मंगळाकडं जाताना मोजलं तर रेडिएशन दिवसाला साधारण १.८ मिलिसीव्हर्ट (शरीराला किती बाधेल त्या हिशोबानं डोस मोजायचं माप) भरलं, तेही थेंबथेंब, महिनोन् महिने.