पार्श्वभूमी : पातेल्यातलं मटण नेमकं कशाचं?

शिकारीच्या खटल्यात बचावाचं एक वाक्य ठरलेलं : “साहेब, बोकडाचं मटण आहे.” १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबर मारणं गुन्हा ठरलं खरं, पण कातडं पुरलेलं, शिंगं गायब आणि मटण चुलीवर, अशा वेळी सिद्ध काय करणार? केस, खूर, हाड हाती लागलं तर जाणकार सांगत. रश्शातल्या फोडीपुढे तेही हात टेकत.

उत्तर हैदराबादहून आलं, आणि त्याचं मूळ एका सापात होतं. शास्त्रज्ञ लालजी सिंह यांनी बनारसला सापांच्या गुणसूत्रांवर पीएच.डी. केली आणि पुढे एडिंबरात पट्टेरी मण्यारच्या (आपल्या पूर्व विदर्भातही दिसतो तो) डीएनएमध्ये सतत पुनरावृत्ती होणारे तुकडे अभ्यासले. १९८४ मध्ये इंग्लंडात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशाची, म्हणजे डीएनएवरून नेमका माणूस ओळखण्याची युक्ती सापडली. सिंह यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या संशोधन केंद्रात येऊन मण्यारच्याच तुकड्यांवर देशी पद्धत उभी केली. साप कामाला आला तो माणसांच्या पितृत्वाच्या आणि खुनाच्या खटल्यांत. जनावरांची पाळी नंतर आली.

कारण इथे प्रश्नच वेगळा होता. डीएनए ठसा सांगतो ‘कोण’. मटणाबाबत आधी ‘कोणती जात’ हे हवं. २००३ मध्ये सुनीलकुमार वर्मा आणि सिंह यांनी असे प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग नेमका पकडून देणारे छोटे तुकडे) प्रसिद्ध केले, जे बहुतेक कुठल्याही प्राण्याच्या सायटोक्रोम-बी जनुकाचा पावणेपाचशे डीएनए-अक्षरांहून लहान तुकडा वाढवून, म्हणजे त्याच्या असंख्य नकला काढून देतात. हा जनुक मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतला. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून शिजवूनही एखादी शाबूत उरते. अक्षरं वाचायची, माहीत असलेल्या जातींशी ताडून पाहायची. बोकड की भेकर, तिथेच कळतं.

कल्पना अगदी नवी नव्हती. स्कॉट बेकर आणि स्टीफन पालुम्बी या शास्त्रज्ञांनी जपानच्या बाजारातलं देवमाशाचं मांस तपासलं होतं. नमुने परवान्याविना देशाबाहेर नेता येत नव्हते, म्हणून या गड्यांनी हॉटेलच्या खोलीतच पीसीआर यंत्र (डीएनएच्या नकला काढणारं) लावलं! १९९४ च्या त्यांच्या निबंधात शिकारबंदी असलेल्या जातीही निघाल्या. पुढे शास्त्रज्ञ सॅम्युअल वासर यांनी आफ्रिकेतल्या हत्तींच्या लिदीवरून डीएनएचा नकाशा केला आणि २००२ मध्ये सिंगापुरात पकडलेले साडेसहा टन हस्तिदंत झांबियाच्या बाजूचे असल्याचं दाखवलं. जात, मग ठिकाण, असा प्रश्न सरकत गेला.

हैदराबादेत २००७ मध्ये ‘लॅकोन्स’ ही संकटातल्या प्रजाती वाचवण्यासाठीची प्रयोगशाळा राष्ट्राला अर्पण झाली; असे नमुने तिथेही तपासले जातात. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडेही नमुने जातात.

तरी काही गाठी सुटायला अवघड. रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर मुळात एकाच जातीचे, त्यामुळे आरोपीचं “पाळीवच होतं” हे म्हणणं नुसत्या जातीच्या चाचणीने खोडता येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोची प्रयोगशाळेच्या अलीकडे, पंचनाम्याच्या वेळी होते. नमुना टिकावा म्हणून कुणी भल्या हेतूने तो फॉर्मालिनमध्ये टाकतो. मांस टिकतं, पण आतला डीएनए तुटून जातो. शुद्ध अल्कोहोलची छोटी बाटली असती, तर काम झालं असतं.